आवराआवर आणि निर्वाळा : लहान स्क्रिप्टांच्या अखेरीचा आढावा

कमांड-लाइनवरून चालणाऱ्या लहान स्क्रिप्टांविषयी जे काही लिहिले-शिकवले जाते, त्यात त्या काय करतात याची चर्चा विपुल असते आणि त्या संपतात कशा याची जवळजवळ नसते. याचे कारण उघड आहे. वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट म्हणजे कायमचे बांधकाम असे कोणी मानत नाही. आजची गरज भागली की झाले, अशा बोलीवर ती लिहिली जाते, आणि मग तीच स्क्रिप्ट रात्री दोन वाजता क्रॉनच्या हुकमावरून वर्षानुवर्षे निमूट राबत राहते. या राबणुकीत ती तात्पुरत्या फाइली निर्माण करते, आपलीच दुसरी प्रत त्याच वेळी चालू नये म्हणून लॉक धरते, पासवर्ड विचारण्यापुरते टर्मिनलवर अक्षरे उमटणे बंद करते, एखादी डिस्क माउंट करते, पार्श्वभूमीत दुसरी प्रोसेस सोडून देते. यांतील प्रत्येक कृती म्हणजे एक उसनवारी होय, आणि ती न फेडता स्क्रिप्ट निघून गेली तर तिचा तगादा मागाहून येणाऱ्या माणसामागे लागतो.

फेडीचा हा प्रश्न बिकट होतो तो संपण्याच्या वाटा अनेक असल्यामुळे. स्क्रिप्ट शेवटच्या ओळीपर्यंत सुखरूप पोचते. किंवा मध्येच एखादी कमांड फसल्यामुळे स्वतःहून थांबते. किंवा समोर बसलेला माणूस कंट्रोल-सी दाबतो. किंवा मशीन बंद करायचे म्हणून वा दिलेली मुदत संपली म्हणून व्यवस्थेकडून समाप्तीचा हुकूम येतो. किंवा वीज जाते, मेमरी अपुरी पडते आणि कोणतीही इत्तला न मिळता ती जागच्या जागी नाहीशी होते. या पाचही प्रसंगी तिच्याकडून दोन कर्तव्यांची अपेक्षा असते : एक, आपला पसारा आवरणे, आणि दुसरे, काम झाले की फसले याचा खरा निर्वाळा देणे. पहिल्या कर्तव्याविषयी थोडेफार बोलले जाते, दुसऱ्याविषयी फारच कमी. परंतु या दोहोंत जेव्हा विरोध येतो तेव्हा निर्वाळा श्रेष्ठ आणि आवराआवर गौण, हे सूत्र धरून प्रचलित पद्धतींचे परीक्षण केले तर त्यांचे गुणदोष अधिक स्पष्ट दिसतात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ झाला, आणि १९७९ मध्ये त्या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल बाहेर आला, त्यात ट्रॅप ही कमांड होती. प्रोसेसला बाहेरून जे सिग्नल येतात त्यांपैकी अमुक सिग्नल आला असता तमुक करावे, अशी आगाऊ तजवीज या कमांडने करून ठेवता येते. सिग्नलांना क्रमांक आहेत. हप हा पहिला. टेलिफोनच्या तारेने जोडलेल्या टर्मिनलचा संपर्क तुटला म्हणजे तो येत असे, आणि आज तार राहिली नसली तरी टर्मिनलची खिडकी बंद केली की तोच येतो. इंट हा दुसरा, कंट्रोल-सी दाबल्यावर येणारा. टर्म हा पंधरावा, सभ्यपणे बाहेर पडण्याची ताकीद देणारा. आणि किल हा नववा, ज्याला ट्रॅप लागू पडत नाही, ज्याच्यापुढे कैफियत चालत नाही. खेरीज शून्य क्रमांक वा एक्झिट या नावाने एक स्वतंत्र सोय आहे, जी कोणत्याही सिग्नलशी बांधलेली नसून स्क्रिप्टच्या निरोपाशीच बांधलेली आहे. निर्वाळ्याची व्यवस्थाही तितकीच जुनी : शून्य ते २५५ यांमधील एक संख्या, जीत शून्य म्हणजे यश आणि बाकी सर्व अपयशाचे प्रकार. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही. १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही. आणि सिग्नलाने मरण आले तर शेल १२८ मध्ये त्या सिग्नलाचा क्रमांक मिळवून सांगतो, म्हणून कंट्रोल-सीने १३०, किलने १३७ आणि टर्मने १४३.

आता पद्धतींकडे वळू. सर्वांत भोळी आणि अजूनही सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे स्क्रिप्टच्या अखेरच्या ओळींत सगळी आवराआवर लिहून ठेवणे. ती पाच वाटांपैकी एकाच वाटेवर उपयोगी पडते, आणि तीही ज्या वाटेवर काही बिघडलेलेच नसते त्या वाटेवर. तिच्यावर याहून अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

दुसरी पद्धत ट्रॅपची. तिचे मर्म असे की आवरण्याचा बंदोबस्त पसारा मांडण्याच्या क्षणीच व्हावा. एक साधे उदाहरण जवळून पाहू. डेटाबेसचा रात्रीचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट आहे, आणि तिला कामापुरती एक तात्पुरती डिरेक्टरी हवी आहे. तिचे नाव स्क्रिप्टच्या प्रोसेस-क्रमांकावरून बनवण्याची जुनी रीत धोक्याची, कारण तो क्रमांक अंदाजता येतो आणि सर्वांना मोकळ्या असलेल्या टेम्प डिरेक्टरीत त्याच नावाची लिंक दुसऱ्या कोणी आधीच पेरून ठेवू शकतो. म्हणून एमकेटेम्प ही कमांड वापरावी, जी न ओळखता येणारे नाव निवडते आणि डिरेक्टरी फक्त मालकालाच उघडता येईल अशा परवानगीने निर्माण करते. येथे एक बारीक पेच उभा राहतो. डिरेक्टरी आधी करून ट्रॅप नंतर लावला तर त्या दोन ओळींच्या मधल्या क्षणी आलेला सिग्नल बेवारस डिरेक्टरी मागे ठेवून जाईल. ट्रॅप आधी लावला तर डिरेक्टरीचे नाव अजून ठरलेलेच नसेल. यातून निघण्याची वाट अशी : प्रथम नावाचा व्हेरिएबल रिकामा म्हणून घोषित करावा, मग ट्रॅप लावावा, त्यानंतर डिरेक्टरी निर्माण करावी, आणि आवरणाऱ्या फंक्शनने पहिल्यांदा व्हेरिएबल रिकामा आहे काय हे तपासून, असल्यास काहीएक न करता परतावे. एमकेटेम्पने डिरेक्टरी केली परंतु तिचे नाव व्हेरिएबलमध्ये उतरले नाही, एवढा अतिसूक्ष्म अवकाश तरीही उरतो. पण तेव्हा मागे राहील ती एक रिकामी डिरेक्टरी, जिच्यामुळे कोणाचे नुकसान नाही.

ट्रॅपच्या खाचाखोचा पुष्कळ आहेत. ट्रॅपचा मजकूर दुहेरी अवतरणांत लिहिला तर त्यातील व्हेरिएबलची किंमत ट्रॅप लावतानाच गोठते. एकेरी अवतरणांत लिहिला तर ती ट्रॅप प्रत्यक्ष चालतेवेळी वाचली जाते, आणि वर सांगितलेली युक्ती या दुसऱ्या रीतीनेच साधते. एकाच घटनेवर दुसरा ट्रॅप लावला की पहिला मुकाट्याने रद्द होतो, म्हणून आवरण्याची कामे अनेक असतील तर त्यांची यादी एका ठिकाणी ठेवून ती उलट क्रमाने पार पाडणारे एकच फंक्शन असावे : जे शेवटी घेतले ते आधी सोडावे. सबशेलमध्ये आईचे, म्हणजे त्याला जन्म देणाऱ्या शेलचे, ट्रॅप उतरत नाहीत. एक्झेक या कमांडने स्क्रिप्टने आपली जागा दुसऱ्या प्रोग्रामला दिली तर एक्झिटचा ट्रॅप चालतच नाही. आणि सर्वांत फसवी गोष्ट ही की इंट वा टर्म यांवर लावलेल्या ट्रॅपमध्ये एक्झिट स्पष्टपणे लिहिले नसेल तर आवराआवर झाल्यावर स्क्रिप्ट थांबत नाही, पुढच्या ओळीपासून चालू लागते. म्हणजे जी डिरेक्टरी आत्ताच पुसली तिच्यातच लिहिण्याचा प्रयत्न करते.

शेलाशेलांतील मतभेदही लक्षात घ्यावे लागतात. बॅशमध्ये एक्झिटवरचा एकच ट्रॅप सिग्नलाने आलेल्या मरणातही चालतो; डॅशमध्ये, जो डेबियन आणि उबुंटू यांवर एसएच या नावाने बसलेला असतो, त्या सिग्नलावर स्वतंत्र ट्रॅप नसेल तर एक्झिटचा ट्रॅप चालत नाही. सबब जी स्क्रिप्ट पहिल्या ओळीत एसएचचे नाव घेते तिने इंट, टर्म आणि हप यांवर वेगळे ट्रॅप लावावेत, ज्यांनी केवळ योग्य कोड देऊन एक्झिट करावे, म्हणजे आवराआवर एक्झिटच्या ट्रॅपमध्ये एकाच ठिकाणी आणि एकदाच होईल. याशिवाय शेलचा असा परिपाठ आहे की समोर एखादी कमांड चालू असेल तर ती संपेपर्यंत ट्रॅप थोपवून धरला जातो. कंट्रोल-सीचा सिग्नल टर्मिनलसमोरच्या सबंध प्रोसेस-गटाला जातो, म्हणून तेथे ही अडचण जाणवत नाही. परंतु टर्म ज्या प्रोसेसच्या नावे पाठवला जातो तिलाच मिळतो, आणि मग तासभर चालणारी कमांड संपायची वाट पाहत स्क्रिप्ट तो हुकूम कानाआड करून बसलेली दिसते. उपाय हा की दीर्घ काम पार्श्वभूमीत सोडावे आणि वेट या कमांडने त्याची वाट पाहावी, कारण वेट सिग्नल येताच परतते. मात्र मग त्या मुलाला थांबवण्याची जबाबदारीही आवरणाऱ्या फंक्शनवर येते.

आधुनिक काळात या गोष्टीला विशेष निकड आली आहे. कंटेनरात चालणारी स्क्रिप्ट पुष्कळदा पहिल्या क्रमांकाची प्रोसेस असते, आणि त्या क्रमांकाच्या प्रोसेसने ट्रॅप लावला नसेल तर कर्नल टर्म सिग्नल बाजूला टाकतो. डॉकरचा स्टॉप हुकूम सामान्यतः टर्म पाठवून १० सेकंद थांबतो, कुबरनेटीस ३० सेकंद, सिस्टिमडी ९० सेकंद. मुदत संपली की किल. म्हणजे आवराआवर करता येणे पुरेसे नाही, ती मुदतीत उरकणेही आवश्यक आहे.

इतर भाषांनी हाच प्रश्न निराळ्या अंगाने सोडवला. सी भाषेच्या १९८९ च्या मानकात ॲटएक्झिट हे फंक्शन आहे : निरोपाच्या वेळी बोलवायच्या निदान ३२ फंक्शनांची नोंद त्यात करता येते आणि ती उलट क्रमाने बोलावली जातात. पायथनमध्ये ट्राय-फायनली पूर्वीपासून होते, आणि २००६ च्या २.५ आवृत्तीपासून विथ हे विधान आले, ज्यायोगे वस्तू घेणे आणि सोडणे एकाच ठोकळ्याच्या दोन टोकांना बांधले गेले. गो भाषेत डिफर हे तेच काम करते. या रचनांचा मोठा लाभ असा की लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर काही सोपवावे लागत नाही. तथापि त्या अभेद्य आहेत असा समज मात्र करून घेऊ नये. पायथनमध्ये कंट्रोल-सीचे रूपांतर एक्सेप्शनमध्ये होते म्हणून फायनली चालते. परंतु टर्म आला आणि त्यासाठी हँडलर लावलेला नसेल तर प्रोसेस तत्काळ मरते, फायनलीही नाही आणि ॲटएक्झिटही नाही. गोमध्ये ओएस-एक्झिट बोलावले की डिफर केलेली कामे वगळली जातात, आणि लॉग-फेटल हे सोयीचे फंक्शन आतून तेच बोलावते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

येथवर पाहिलेल्या सर्व पद्धतींत मरणाऱ्याकडूनच आवराआवरीची अपेक्षा आहे. किल आणि वीज जाणे या दोन प्रसंगी ती निष्फळ ठरते, आणि म्हणून अधिक विचारी मंडळींनी तिसरी वाट धरली : जे कर्नल न सांगता करतो त्यावरच शक्य तितके सोपवावे. प्रोसेस कशीही मेली तरी तिने उघडलेल्या फाइली कर्नल बंद करतो, हा नियम अढळ आहे. लॉकसाठी एमकेडिरने डिरेक्टरी निर्माण करण्याची रीत एका दृष्टीने उत्तम, कारण दोघांपैकी एकालाच ती निर्माण करता येते; पण धारक अकस्मात मेला तर डिरेक्टरी तशीच राहते आणि दुसऱ्या रात्रीची स्क्रिप्ट नसलेल्या धन्याचा मान राखून परत जाते. गिट वापरणाऱ्यांना इंडेक्स-लॉक नावाची मागे राहिलेली फाइल आणि दुसरी गिट प्रोसेस चालू असावी असे सांगणारा संदेश परिचित असतो, तो याच जातीचा. एफलॉकने घेतलेले लॉक याउलट उघड्या फाइलशी निगडित असते : फाइल बंद झाली की लॉक सुटले, मग मरण कोणत्याही वाटेने येवो. एवढेच पाहावे लागते की पार्श्वभूमीत सोडलेल्या मुलाकडे तीच उघडी फाइल वारशाने जाऊ नये; गेली तर आई मेल्यावरही लॉकचा ताबा मुलाकडे राहतो. तात्पुरत्या फाइलीलाही हाच न्याय लावता येतो. युनिक्सवर उघडलेल्या फाइलीचे नाव पुसले तरी तिचा मजकूर शेवटचा धारक सोडीपर्यंत जिवंत राहतो, म्हणून फाइल उघडून लगेच तिचे नाव पुसून टाकले की पुढे पुसायला काही उरतच नाही. २०१३ च्या लिनक्स ३.११ मध्ये ओ-टीएमपीफाइल या सोयीने आरंभापासून निनावी फाइल निर्माण करण्याची मुभाही मिळाली.

चौथी वाट याहून पुढे जाते आणि आवराआवर अखेरीस न करता पुढच्या आरंभी करावी असे सांगते. २००३ साली जॉर्ज कँडिया आणि आर्मँडो फॉक्स यांनी एका निबंधात असा विचार मांडला की प्रोग्रामला थांबवण्याची एकच रीत असावी, कोसळणे, आणि सुरू करण्याची एकच, सावरणे; कारण सावरता येणे कधी ना कधी लागणारच आहे, मग सुखरूप थांबण्याची वेगळी व्यवस्था जोपासावी कशाला? मोठ्या प्रणालींसाठी मांडलेला हा विचार लहान स्क्रिप्टलाही लागू पडतो. सुरू होताना आपल्याच नावाच्या जुन्या, धनी नसलेल्या डिरेक्टऱ्या शोधून पुसणारी स्क्रिप्ट वीज गेल्यावरही दुसऱ्या दिवशी नीटनेटकी होते. सिस्टिमडीच्या मूळ मांडणीत टेम्प डिरेक्टरीतील १० दिवस आणि व्हार-टेम्पमधील ३० दिवस न वापरलेल्या फाइली काढून टाकण्याची तरतूद आहे, तीही याच न्यायाने. काही वितरणांत ती बदललेली असते, हे ध्यानात ठेवावे.

आता निर्वाळ्याकडे येऊ, कारण या सर्व खटाटोपाचा कस तेथे लागतो. आवरणारे फंक्शन हाच पुष्कळदा निर्वाळ्याचा वैरी ठरतो. कोणी त्याच्या शेवटी सहजपणे एक्झिट शून्य लिहितो आणि प्रत्येक अपयशाचे यश करून टाकतो. म्हणून या फंक्शनने पहिल्याच ओळीत तोवरचा कोड बाजूला ठेवावा आणि निघताना तोच परत द्यावा. आवरताना पुन्हा कंट्रोल-सी दाबले जाईल म्हणून आरंभी इंट आणि टर्म यांकडे दुर्लक्ष करण्याची व्यवस्था करावी. आणि दोनदा बोलावले गेले तरी बिघडू नये असे त्याचे काम असावे. परंतु निर्वाळा त्यापूर्वीही हरवू शकतो. आपल्या बॅकअपच्या उदाहरणात डेटाबेसचा उतारा काढणारी कमांड पाइपने जीझिपला जोडलेली असते, आणि पाइपचा निर्वाळा शेवटच्या कमांडचा धरला जातो. उतारा काढणे पहिल्या क्षणीच फसले तरी जीझिप काहीच नसलेला मजकूर यशस्वीपणे आवळते, शून्य कोड देते, आणि २० बाइटांची एक निर्दोष दिसणारी फाइल बॅकअपच्या नावाने दप्तरी दाखल होते. तिचा शोध लागतो तो बॅकअपची गरज पडेल त्या दिवशी. पाइपफेल हा पर्याय चालू केल्यास पाइपमधील कोणाचेही अपयश वर कळते. बॅशमध्ये तो पूर्वीपासून आहे, आणि २०२४ च्या पॉझिक्स मानकात त्याचा समावेश झाला. कमांड फसताच थांबवणारा ‘सेट -ई’ मात्र जामीन मानण्याइतका भरवशाचा नव्हे : इफच्या अटीत बोलावलेल्या फंक्शनच्या आत तो निष्प्रभ असतो.

निर्वाळा केवळ संख्येने दिला जात नाही, हेही विसरता कामा नये. ठरलेल्या नावाची फाइल जागेवर असणे हाही एक निर्वाळाच होय, आणि वाचणारे बहुतेक लोक कोड न पाहता फाइलच पाहतात. म्हणून अंतिम नावाने थेट कधी लिहू नये. त्याच फाइलसिस्टिमवर दुसऱ्या नावाने लिहावे, सर्व पूर्ण झाल्याची खात्री करावी आणि मग एमव्हीने नाव बदलावे. हे नावबदल अखंड असते, जुनी फाइल दिसेल किंवा नवी, अर्धवट कधीच नाही. निराळ्या फाइलसिस्टिमवर मात्र एमव्ही म्हणजे नक्कल करून मूळ पुसणे, आणि तेथे हे आश्वासन संपते. स्टुअर्ट फेल्डमन यांचा मेक हा प्रोग्राम सत्तरच्या दशकातला; मध्येच थांबवल्यास अर्धवट बनलेली फाइल पुसण्याची काळजी तो घेतो, कारण ती राहिली तर पुढच्या वेळी पूर्ण झालेली समजली जाईल. पसारा आवरणे आणि खोटी साक्ष मागे न ठेवणे ही दोन्ही कामे येथे एकच होतात.

शेवटी अतिरेकाविषयी. न केलेल्या आवराआवरीने डिस्क भरते. अविचाराने केलेल्या आवराआवरीने घर रिकामे होते. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरील स्टीम या खेळांच्या प्रोग्रामच्या स्क्रिप्टमधील असा एक दोष उघडकीस आला. स्वतःची डिरेक्टरी शोधून व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि प्रसंगी तिच्यातील सर्व काही पुसायचे, अशी तिची रचना होती. डिरेक्टरी सापडली नाही तेव्हा व्हेरिएबल रिकामा राहिला, आणि पुसण्याचा हुकूम मुळापासून सर्वांवर लागू झाला. आरएम आज मूळ डिरेक्टरी पुसण्यास नकार देते, पण तारका-चिन्ह शेल आधीच उलगडून देत असल्यामुळे तो नकार येथे कामी येत नाही. व्हेरिएबल रिकामा असल्यास शेलने तेथेच थांबावे असे सांगणारी प्रश्नचिन्हाची लिपी पुसण्याच्या प्रत्येक ओळीत वापरणे हाच उपाय. आणखी एक अतिरेक असा की अपयश आल्यावरही सर्व तात्पुरत्या फाइली आणि लॉग तत्परतेने पुसले जातात, आणि सकाळी येणाऱ्या माणसाला चौकशीसाठी काहीच उरत नाही. यश मिळाले तर सर्व पुसावे. अपयश आले तर पासवर्डासारखे गुप्त ते पुसावे, बाकी ठेवावे आणि कोठे ठेवले ते एका ओळीत सांगावे.

या सर्वांतून निष्कर्ष काढायचा तर तो क्रमवारीच्या रूपाने काढता येतो. स्क्रिप्टने प्रथम खरे सांगावे : कोड खरा, फाइल पूर्ण किंवा मुळीच नाही. दुसरे, जे आपले नाही त्याला हात लावू नये. तिसरे, जे कर्नल आपोआप सोडवतो ते त्याच्यावर सोपवावे, उरलेल्यासाठी ट्रॅप लावावा, आणि ट्रॅपच्याही आवाक्याबाहेर जे असेल ते पुढच्या आरंभी निस्तरावे. नीटनेटकेपणाचा क्रमांक यानंतर लागतो. टेम्पमध्ये राहिलेल्या चार फाइली उद्या पुसता येतील. परंतु २० बाइटांच्या फाइलीवर विसंबून ज्याने मूळ डेटाबेस काढून टाकला, त्याला स्क्रिप्टने मागे किती स्वच्छता ठेवली याचे काय होय?